नॉर्वेचा १९४०चा क्रीडा-संप आणि आस्बियॉर्न हालवोर्सेन

वारणाकाठ

सर्वांस नमस्कार. गेले काही दिवस मी १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकविषयी वाचत आहे. आपल्याकडे त्या स्पर्धेचे नाव निघाले की एक तर जेसी ओवेन्स आठवतो, नाही तर ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीवर चढवलेले आठ गोल. त्याच स्पर्धेत फुटबॉलमध्येही यजमानांची अशीच नाचक्की झाली होती, हे मला ठाऊक नव्हते. ७ ऑगस्ट १९३६ रोजी नॉर्वेने जर्मनीला २-० असे हरवले आणि तेही खुद्द हिटलर प्रेक्षागारात बसलेला असताना.

त्या नॉर्वेजियन संघाचा प्रशिक्षक आस्बियॉर्न हालवोर्सेन याच्याविषयी शोध घेऊ लागलो, तेव्हा मात्र गोंधळ वाढला. एके ठिकाणी तो प्रशिक्षक, दुसरीकडे फुटबॉल संघटनेचा सरचिटणीस, तिसरीकडे जर्मनीतल्या क्लबाचा कर्णधार आणि चौथीकडे छळछावणीतला कैदी असे उल्लेख सापडतात. ही सारी एकच व्यक्ती आहे का?

दुसरी शंका जरा मूलभूत आहे. युद्धकाळात नॉर्वेच्या खेळाडूंनी संप केला होता, असे वाचले. गिरणी कामगाराने संप केला तर मालकाचे नुकसान होते, हे कळते. परंतु हौस म्हणून, एक पैसाही न घेता खेळणाऱ्यांनी खेळणे बंद केले, तर त्यात सत्ताधाऱ्यांचे काय बिघडते? कोणी नीट समजावून सांगितल्यास आभारी राहीन.


उंबरठा

आपण उल्लेख केलेले चौघेही एकच. त्याचा जन्म १८९८ साली दक्षिण नॉर्वेतील सार्प्सबॉर्ग या गावी झाला. गावच्या संघाकडून तो १९१७ साली राष्ट्रीय चषक जिंकला आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये देशाकडून खेळला. त्यानंतर जहाज-दलालीचे काम शिकण्यासाठी तो हॅम्बुर्गला गेला आणि तेथील हॅम्बुर्गर एसव्ही या क्लबात दाखल झाला. त्या काळी फुटबॉलवर पोट भरण्याची सोय नव्हती. दिवसा कचेरीत काम करायचे आणि संध्याकाळी सराव, असा क्रम असे. मधल्या फळीच्या मध्यभागी उभे राहून संपूर्ण खेळ चालवणारा हा 'आसी' पुढे क्लबाचा कर्णधार झाला, आणि १९२३ व १९२८ अशी दोनदा जर्मनीची अजिंक्यपदे त्या संघाने मिळवली.

१९२२च्या अंतिम सामन्याची कथा तर ऐकण्यासारखी आहे. न्यूर्नबर्गविरुद्धचा तो सामना तीन तासांहून अधिक चालला आणि अखेर अंधार पडल्यामुळे २-२ अशा बरोबरीत थांबवावा लागला. फेरसामन्यात न्यूर्नबर्गचे केवळ सातच खेळाडू मैदानात उरले, म्हणून पंचांनी तोही थांबवला. त्यावर बराच वाद होऊन विजेतेपद हॅम्बुर्गला देऊ करण्यात आले, तेव्हा क्लबाने ते स्वीकारले नाही.

हालवोर्सेन १९३३ साली हॅम्बुर्ग सोडून मायदेशी परतला. त्याच्या निरोपाच्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात सहकारी हात उंचावून नाझी सलाम करत आहेत आणि हालवोर्सेनचे हात मात्र खाली आहेत. ओस्लोत तो फुटबॉल संघटनेचा सरचिटणीस झाला आणि राष्ट्रीय संघाला शिकवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. अंतिम संघनिवड तेथे निवड समिती करीत असे, त्यामुळे आजच्या अर्थाने सर्वाधिकारी प्रशिक्षक तो नव्हता. परंतु जर्मन फुटबॉल त्याला आतून ठाऊक होता आणि बर्लिनला तेच कामी आले.

त्या सामन्यापूर्वी जर्मनीने लक्झेंबर्गचा ९-० असा धुव्वा उडवला होता, त्यामुळे नॉर्वेला कोणी मोजत नव्हते. माग्नार ईसाक्सेनने सातव्याच मिनिटाला पहिला गोल केला आणि शेवटची काही मिनिटे उरली असताना दुसरा. हिटलर सामना संपण्यापूर्वीच निघून गेला. पुढे उपांत्य फेरीत नॉर्वेचा संघ इटलीकडून जादा वेळेत हरला, तर तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात आर्ने ब्रुस्टाडच्या तीन गोलांच्या बळावर त्याने पोलंडला ३-२ असे नमवले. नॉर्वेत आजही त्या संघाला 'कांस्य-संघ' याच नावाने ओळखतात. दोन वर्षांनी मार्सेल येथे विश्वचषकात पुन्हा इटलीच समोर आली, पुन्हा जादा वेळ झाला आणि पुन्हा एका गोलाने पराभव पदरी पडला. इटली पुढे जगज्जेती झाली. या दोन पराभवांची रुखरुख नॉर्वेच्या जुन्या रसिकांना बर्लिनच्या विजयाच्या आनंदाइतकीच असावी, असे मला वाटते.


देवराई

संपाविषयी मी लिहितो, कारण वारणाकाठ यांची शंका अगदी मर्मावर बोट ठेवणारी आहे.

प्रथम एक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागेल. युद्धापूर्वी नॉर्वेत खेळाच्या दोन समांतर संघटना होत्या. एक सर्वसाधारण राष्ट्रीय महासंघ आणि दुसरा १९२४ साली स्थापन झालेला कामगारांचा क्रीडा महासंघ. दोहोंचे क्लब निराळे, स्पर्धा निराळ्या आणि एकाच गावात राहूनही एकमेकांशी न खेळणारे खेळाडू. कामगार महासंघाने तर बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कारच घातला होता. म्हणजे आपण ज्या विजयाचे कौतुक करत आहोत, तो संघ बर्लिनला जायलाच नको होता, असे मानणारे हजारो खेळाडू त्याच देशात होते. या दोन महासंघांच्या एकीकरणाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षे रेंगाळल्या आणि अखेर जर्मन ताब्यानंतर, १९४०च्या सप्टेंबरात, एकच संघटना उभी राहिली.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला जर्मन राइख-आयुक्त योसेफ टेर्बोफेन याने जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या क्विसलिंगचा नास्योनाल सामलिंग हा पक्ष वगळता सर्व पक्षांवर बंदी घातली. 'श्रमसेवा आणि क्रीडा' असे एक नवे खाते निर्माण झाले आणि ते आक्सेल स्टांग या क्विसलिंगच्या अनुयायाकडे गेले. खेळाला श्रमसेवेच्या दावणीला बांधण्यातच या मंडळींचा हेतू उघड होतो. नोव्हेंबरात फर्मान निघाले की क्रीडा संघटनांमध्ये यापुढे निवडणुका होणार नाहीत, पदाधिकारी वरून नेमले जातील आणि प्रत्येकाने वरिष्ठाची आज्ञा पाळायची.

संप झाला तो या फर्मानाविरुद्ध. पदाधिकाऱ्यांनी पदे सोडली, क्लबांनी नव्या संघटनेकडे पाठ फिरवली, खेळाडू नाव नोंदवेनात, पंच शिटी घेईनात. पुढची गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे: प्रेक्षक येईनासे झाले. खेळ ही अशी गोष्ट आहे की तिच्यासाठी माणसे आपणहून जमावी लागतात. वर्तमानपत्र ताब्यात घेऊन त्यात हवे ते छापता येते, शाळेत मुलांना बसवता येते, परंतु रिकाम्या मैदानात चुरस निर्माण करता येत नाही. सरकारी छत्राखालील सामन्यांना मोजकी टाळकी जमत आणि जे थोडे खेळाडू तेथे खेळत, त्यांना गावात संपफोडे म्हणून ओळखले जाई. १९४०च्या ऑक्टोबरात चषकाचा अंतिम सामना झाला होता, तो फ्रेड्रिकस्टाडने जिंकला. त्यानंतर युद्ध संपेपर्यंत ती स्पर्धा नेहमीच्या स्वरूपात झाली नाही. होल्मेनकोलेनचा स्की महोत्सव म्हणजे तेथला वार्षिक उरूसच, पण १९४१ ते १९४५ तोही भरला नाही.

आता सत्ताधाऱ्यांचे काय बिघडले, ते पाहू. त्यांना खेळाचे उत्पन्न नको होते. तरुण हवे होते. घट्ट बांधलेल्या, गावोगाव शाखा असलेल्या संघटना तयार होत्या, त्यांच्या डोक्यावर आपला माणूस बसवला की देशातील तरुणाई आपोआप हाती येईल, असा हिशेब होता. प्रत्यक्षात डोके हाती आले आणि धड निघून गेले. शिक्षक आणि चर्च यांचा मोठा लढा १९४२ सालचा. त्याच्या वर्षभर आधीच खेळाडूंनी 'आम्ही यात नाही' म्हणण्याची रीत घालून दिली होती.

खेळ पूर्णपणे थांबला होता, असेही नाही. रानात, आडबाजूच्या पठारांवर चोरून स्कीच्या शर्यती आणि फुटबॉलचे सामने होत. अशा बेकायदा खेळावर पोलीस छापे घालत. फुटबॉल खेळला म्हणून धरपकड व्हावी, असा तो काळ होता.


उंबरठा

देवराई यांनी सरकारी बाजूच्या एका माणसाचे नाव घेतले नाही, ते मी घेतो, कारण त्याच्याकडे पाहिल्यावर हालवोर्सेनची निवड अधिक स्पष्ट दिसते. चार्ल्स हॉफ हा बांबूउडीतला जागतिक विक्रमवीर. १९२५ साली त्याने ४.२५ मीटरची उडी मारली होती. अमेरिकेच्या दौऱ्यानंतर त्याला हौशी खेळाडूंच्या यादीतून वगळण्यात आले आणि तो क्रीडा-पत्रकारितेकडे वळला. जर्मन ताब्याच्या काळात क्विसलिंगच्या राजवटीने खेळाची सूत्रे याच हॉफकडे सोपवली आणि युद्धानंतर देशद्रोहाच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली. ज्या क्रीडाधुरीणांनी आपल्याला बाहेर काढले, त्यांच्याच खुर्चीवर बसण्याची संधी त्याला मिळाली होती. जुना सल किती खोल असू शकतो, याचा मी अनेकदा विचार करतो; अर्थात तो केवळ माझा तर्क समजावा.

हालवोर्सेनकडे याच्या उलट सारे होते. जर्मन भाषा अस्खलित येत होती, हॅम्बुर्गात नाव होते, जुने मित्र होते. नव्या राजवटीला असा माणूस मिळाला असता तर हवाच होता. त्याने संपाची बाजू घेतली. सरचिटणीस म्हणून देशातील क्लबांचे जाळे त्याच्या ओळखीचे होते आणि निरोप पोहोचवण्यासाठी अशा ओळखी किती मोलाच्या असतात, हे सांगायला नको.


सांजवात

भूमिगत पत्रांचा भाग येथे जोडते, कारण हालवोर्सेनची अटक त्याच्याशी निगडित आहे.

१९४१च्या शरद ऋतूत जर्मनांनी नॉर्वेतील सामान्य लोकांचे रेडिओ-संच जप्त केले. लंडनहून बीबीसीवर नॉर्वेजियन भाषेत बातम्या येत असत, राजे हाकॉन सातवे तेथेच आश्रयाला होते, आणि त्यांचा आवाज घरोघरी पोहोचणे राजवटीला परवडणारे नव्हते. त्यानंतर लाकडाच्या ढिगाखाली किंवा भिंतीआड लपवलेल्या संचावर कोणीतरी बातम्या ऐकायच्या, त्या टंकलिखित करायच्या, चक्रमुद्रित प्रती काढायच्या आणि विश्वासातल्या हातांनी पुढे सरकवायच्या, असा उद्योग देशभर सुरू झाला. युद्धाच्या पाच वर्षांत अशी सुमारे तीनशे पत्रे निघाली. त्यांतली बरीच काही आठवड्यांत बंद पडली, कारण लिहिणाराच पकडला जाई. १९४२च्या ऑक्टोबरात तर या कामासाठी देहदंडाची तरतूद झाली.

हालवोर्सेनला त्याआधीच, ऑगस्ट १९४२ मध्ये, अटक झाली. तो व्यवसायाने पत्रकार नव्हता, परंतु त्या दिवसांत पत्रकार कोणाला म्हणायचे, हा प्रश्नच होता. परवान्याने निघणाऱ्या दैनिकांत सरकारी मजकूर छापला जाई आणि खरी बातमी कारकून, शिक्षक, खेळाच्या संघटनेचे चिटणीस अशी माणसे रात्री जागून लिहीत.

ओस्लोजवळच्या ग्रीनी छावणीत त्याला ठेवले गेले. खेळाडू म्हणून तो तेथे एकटा नव्हता. स्की-उडीतला दोन वेळचा ऑलिंपिक विजेता बिर्गर रूड हाही पुढे ग्रीनीत डांबला गेला, आणि १९४८ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्याने पुन्हा ऑलिंपिकमध्ये उतरून रौप्यपदक मिळवले.

१९४३ साली हालवोर्सेनला फ्रान्सच्या अल्सास भागातील नात्सवायलर छावणीत हलवण्यात आले. डोंगरात, दगडाच्या खाणीलगत वसवलेली ही छावणी 'रात्र आणि धुके' या हुकमाखालील कैद्यांसाठी वापरली जाई. त्या कैद्यांना पत्र नाही, पार्सल नाही. ते जिवंत आहेत की मेले, हे घरच्यांना कळूच द्यायचे नाही, हा त्या हुकमाचा गाभा होता. पाचशेच्या आसपास नॉर्वेजियन माणसे तेथे गेली आणि त्यांतली निम्मी परतली नाहीत. दोस्त सैन्य जवळ येऊ लागल्यावर छावणी रिकामी करण्यात आली आणि हालवोर्सेनची रवानगी इतर छावण्यांत झाली. त्यांपैकी फायहिंगेन येथे टायफसने थैमान घातले होते. अखेरीस तो पोहोचला नॉयेनगामे येथे, म्हणजे हॅम्बुर्गच्या वेशीवर. ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले होते, त्या शहराच्या छावणीत.


आल्स्टरकाठचा पाहुणा

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे हॅम्बुर्गात आहे, म्हणून नॉयेनगामेविषयी दोन गोष्टी सांगतो. ही छावणी शहराच्या आग्नेयेला, भाजीपाला आणि फुले पिकवणाऱ्या सपाट मुलखात आहे. कैद्यांकडून तेथे विटा पाडून घेतल्या जात. युद्धानंतर शहराने त्याच जागेवर तुरुंग बांधले आणि ते २००० नंतरही काही वर्षे चालू होते. संपूर्ण परिसर स्मारकाला मिळायला साठ वर्षे जावी लागली. आज तेथे फिरताना वीटभट्टीची लांबच लांब इमारत सर्वांत आधी डोळ्यांत भरते.

परंतु हालवोर्सेनची कथा ऑट्टो हार्डरशिवाय पुरी होत नाही. हार्डर हा त्याच हॅम्बुर्ग संघाचा आघाडीचा गोलंदाज. क्षमा असावी, क्रिकेटची सवय, गोल करणारा म्हणायचे होते. हालवोर्सेन मागून चेंडू पुरवायचा आणि हार्डर तो जाळ्यात घालायचा. प्रेक्षकांनी हार्डरला 'टल' असे टोपणनाव दिले होते, ते वॉल्टर टल या कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूवरून. हाच हार्डर १९३२ साली नाझी पक्षात आणि लगेच पुढच्या वर्षी एसएस या नाझींच्या निमलष्करी दलात गेला. युद्ध सुरू झाल्यावर तो साक्सेनहाउझेन आणि मग नॉयेनगामे येथे पहारेकरी होता आणि १९४४च्या अखेरीस हॅनोवरजवळच्या आलेम या उपछावणीचा प्रमुख झाला. १९४७ साली ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला पंधरा वर्षांची शिक्षा सुनावली, परंतु १९५१च्या नाताळात तो सुटलाही.

१९७४च्या विश्वचषकाच्या वेळी हॅम्बुर्गने काढलेल्या एका पुस्तिकेत शहराचे आदर्श फुटबॉलपटू म्हणून हॅम्बुर्गचे नामवंत खेळाडू उवे झेलर यांच्या पंक्तीत या हार्डरलाही बसवले होते. चूक ध्यानात आल्यावर ती पाने काढून टाकण्यात आली.


वारणाकाठ

हे वाचून सुन्न झालो. म्हणजे जुने दोन सहकारी छावणीत एकमेकांसमोर आले, एक कैदी आणि एक अधिकारी म्हणून?


देवराई

नाही, आणि हे स्पष्ट लिहायला हवे, कारण अशा कथांना भेटीचे दृश्य जोडण्याचा मोह फार होतो. हालवोर्सेन नॉयेनगामेला आला तेव्हा हार्डर तेथून हलला होता. दोघांची नावे एकाच छावणीच्या इतिहासात आहेत, इतकेच खरे.

याच न्यायाने १९३३च्या छायाचित्राकडेही बेताने पाहावे, असे माझे उंबरठा यांना सांगणे आहे. हात खाली ठेवलेला माणूस परदेशी नागरिक होता आणि मायदेशी निघाला होता. सलाम न केल्याने त्याचे त्या दिवशी फारसे बिघडणार नव्हते. त्या छायाचित्राचा अर्थ आपण त्याच्या १९४० नंतरच्या वागण्यावरून मागे जाऊन लावतो. धोका त्याने पत्करला तो ओस्लोत.

तिसरी गोष्ट सुटकेची. स्वीडिश रेड क्रॉसच्या, फोल्के बर्नाडोट यांच्या नावाशी जोडलेल्या पांढऱ्या बसगाड्यांनी १९४५च्या वसंतात स्कँडिनेव्हियन कैद्यांना जर्मनीतून बाहेर काढले, त्यांत हालवोर्सेन होता. परंतु नॉयेनगामे येथे या कैद्यांना एकत्र ठेवण्यासाठी जागा करायची म्हणून सुमारे दोन हजार आजारी कैदी, बहुतेक फ्रेंच, रशियन व पोलिश, मार्चअखेरीस इतर छावण्यांत हलवण्यात आले आणि ही वाहतूकही त्याच पांढऱ्या गाड्यांनी केली. नॉर्वेच्या आठवणीत त्या गाड्या आनंदाच्या आहेत. सगळ्यांच्याच आठवणीत तशा नाहीत.


उंबरठा

छायाचित्राबाबतची आपली सूचना मान्य आहे. मी जरा वाहवलो.

साक्सेनहाउझेनचे नाव वर आले, त्यावरून एक आठवले. कामगार क्रीडा महासंघाचा नेता रोल्फ हॉफ्मो यानेही त्या छावणीत कैद भोगली. बर्लिनमधील पराभूत जर्मन संघाचा प्रशिक्षक ऑट्टो नेर्त्स १९४९ साली तेथेच मरण पावला. तोवर ती सोव्हिएत ताब्यातील छावणी झाली होती. एका फुटबॉल सामन्याच्या आसपासची इतकी माणसे एकाच कुंपणात वेगवेगळ्या बाजूंनी उभी राहिलेली दिसतात.

हॉफ्मो युद्धानंतर सरकारच्या युवक व क्रीडा कार्यालयाचा प्रमुख झाला आणि फुटबॉल निकालांच्या अधिकृत सोडतीतून आलेला पैसा गावोगावच्या मैदानांसाठी वळवण्याची पद्धत रुजवण्यात त्याचा मोठा वाटा होता. दोन महासंघांचे ऐक्य मात्र पुन्हा मोडले नाही.


सांजवात

हालवोर्सेन परत आला तो अत्यंत खंगलेल्या अवस्थेत, तरीही त्याने सरचिटणीसपद पुन्हा हाती घेतले. देशातील पहिल्या श्रेणीच्या साखळीची नवी घडी त्याच्याच कार्यकाळात बसली. १९५३ साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नॉर्वेच्या गटात पश्चिम जर्मनी आली. ऑगस्टमध्ये ओस्लोत १-१ अशी बरोबरी झाली. नोव्हेंबरातील परतीचा सामना जर्मनांनी ५-१ असा जिंकला, आणि तो झाला हॅम्बुर्गात.

छावणीत बिघडलेली प्रकृती पुन्हा कधी सुधारली नाही. १६ जानेवारी १९५५ रोजी, संघटनेच्या कामासाठी उत्तरेकडील नार्विकला गेला असताना, त्याचा मृत्यू झाला. वय ५६ होते.


वारणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'काय बिघडते' या माझ्या प्रश्नाचे उत्तर देवराई यांच्या 'प्रेक्षक येईनासे झाले' या वाक्यात मिळाले. आल्स्टरकाठचा पाहुणा यांना एक विनंती: पुढच्या वेळी नॉयेनगामेला जाल तेव्हा नॉर्वेजियन कैद्यांविषयी तेथे काय मांडले आहे, ते सवडीने येथे लिहावे.